एकदाच विचारणारं फंक्शन

आमच्या शिवयोगीला 'नको' म्हणता येत नाही, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. तो आईच्या, म्हणजे काशम्मांच्या हाताखाली वाढला. त्या घरात पहिला 'नको' कुणी ऐकत नाही, दुसऱ्याला हसतात, आणि तोवर ताटात भाकरी पडलेली असते. नवी पेठेमागच्या त्यांच्या पुढच्या खोलीत मी रोज काम करायला जातो ते थोडंफार या भाकरीसाठीच, हे सांगून टाकतो.

आम्ही दोघं डीबगर तपासतो. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधली चूक शोधायला मदत करणारा प्रोग्रॅम. तो स्वतः नीट चालतो का, हे पाहायला शेकडो चाचण्या, आणि त्या सगळ्यांच्या पोटात शिवयोगीनं लिहिलेलं एक हेल्पर फंक्शन, म्हणजे प्रत्येक चाचणीला लागणारा कोडचा सामायिक तुकडा. चाचणी त्याच्यामार्फत डीबगरला प्रश्न विचारायची. उत्तर चुकलं की हे फंक्शन पुन्हा विचारायचं, मग पुन्हा, बरोबर उत्तर येईपर्यंत. पठ्ठ्यानं आईचा आग्रह जसाच्या तसा कोडमध्ये उतरवला होता! चाचण्या कायम हिरव्या, म्हणजे पास, त्यामुळे शिवयोगीचं नाव झालेलं, आणि आमचे प्रभुसर त्याला टीमचा प्रमुख करणार होते.

डीबगरची नवी आवृत्ती द्यायच्या आठवड्यात तो ते लांबलचक फंक्शन सोपं करायला बसला. आग्रह काढून टाकला. एकदाच विचारायचं, येईल ते उत्तर मानायचं. स्क्रीन लालभडक झाली. डीबगर पहिल्या उत्तराला चुकत होता, कधीपासून कोण जाणे. मी म्हटलं, जुनंच राहू दे, आधी प्रमुख हो, मग दुरुस्त कर. तो लाल ओळी मोजत राहिला. मला त्याची खरंच काळजी वाटली.

दुपारी प्रभुसरांचा फोन आला. आवृत्ती पाठवू ना, असं त्यांनी विचारलं.

"नको, सर," शिवयोगी म्हणाला. "माझंच फंक्शन चुकीचं होतं."

सरांनी शब्द बदलून पुन्हा विचारलं, प्रमुखपदाची आठवणही करून दिली. हा कपाळावरचा घाम पुसत नकोच म्हणत राहिला. प्रमुखपद त्याच फोनवर टीममधल्या उत्कर्षाकडे गेलं.

भाकरी थापता थापता काशम्मांनी सगळं ऐकलं होतं. जेवताना त्यांनी लेकाला आणखी एक वाढू का विचारलं. तो सवयीनं नको म्हणाला आणि ताट जरा पुढं सरकवून वाट बघत बसला.

"बरं," काशम्मा म्हणाल्या. "तुज्या नकोला आता वजन हाय."

भाकरी माझ्या ताटात आली, न विचारता. शिवयोगी अर्धपोटी उठला.