डाव्या लेनमधले काका

मंडळी, मिल्टनला घरी येऊन जेवणही झालं, पण तो हात डोळ्यांसमोरून जात नाही.

आज ४०१ हायवेवर, सगळ्यात डाव्या, म्हणजे इथे कॅनडात घाईवाल्यांच्या लेनमध्ये, माझ्यापुढे एक करडी व्हॅन रमतगमत चालली होती. हाय बीम मारले, हॉर्न वाजवला. ढिम्म! शेवटी वैतागून उजवीकडून ओव्हरटेक केलं आणि रागाने वळून बघितलं.

स्टिअरिंगवर माकडटोपी घातलेले एक काका. डॅशबोर्डवर गणपती. "जा बाबा, जा पुढे," म्हणावं तसा त्यांनी हसून हात हलवला. आपल्याकडे भारतात सावकाश जाणारा डावीकडे राहतो आणि घाईवाला उजवीकडून निघतो. त्यांच्या हिशेबाने ते अगदी शहाण्यासारखे चालवत होते!

मग मला आरशात दिसलं, त्याच लेनमध्ये त्यांच्या मागून एक पिकअप सुसाट येत होता. तेवढ्यात वळण आलं आणि व्हॅन दिसेनाशी झाली.

बायको म्हणते, "पोचले असतील रे घरी." असतीलही. पण मी मघापासून रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या ऐकत बसलोय.

तुमच्यापैकी कुणाचे बाबा नुकतेच इकडे आलेत का? करडी व्हॅन चालवतात? घरी पोचले का, एवढंच सांगा.