खळ्यावर मागितलेला वारा
ये बाई, अशी जवळ बस, किती दिवस तोंड दाखवलं नाहीस! ज्वारीच्या भुसाचा वास आला की मला आमचं खळं आठवतं. वारा पडलेला, म्हणून आईनं उपणणीसाठी, दाण्यातलं भूस उडवायला, नारळ फोडून वारा मागितला. त्याच दिवशी धाकट्या बहिणीचा घसा घटसर्पानं बंद होत आला. निरोप पोचताच कापसाच्या जिनवाल्या शेठचं लहानसं विमान धुळ्याहून औषध घेऊन निघालं, आणि पश्चिमेचा वारा सुटला तो थेट त्याच्या तोंडावर. विमान दिसत होतं, पण घारीसारखं जागीच लटकलेलं. "इमान पुढे काब सरकी नही ऱ्हायनं?" बाप ओरडला. "आते थांब रे बा!" आईनं वाऱ्याला हात जोडले. विमान शेतात उतरलं, तोवर बहीण आईच्या मांडीवर गार झाली होती. अजूनही वारा सुटला की मला घरात एकटीला बसवत नाही गं, लवकर ये पुन्हा.