मुसळीला आवतन

आमच्या गटाचं काम तसं गंभीर. किनवटच्या डोंगरातल्या औषधी वनस्पतींची माहिती जमवायची आणि त्यातून कुणी कमाई केली तर डोंगरातल्या माणसांना त्यांचा वाटा मिळवून द्यायचा. आमचे अहवाल कुणी वाचत नाही, किस्से मात्र सगळ्यांना पाठ आहेत. लातूरहून जीप निघाली की लोह्याच्या चहापर्यंत जुने किस्से संपतात आणि परत येईपर्यंत नवे तयार होतात!

गटात कायमचे आम्ही तिघं. मी लातूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवते. बसुअप्पांचं उदगीरला जडीबुटीचं दुकान आहे. आणि गंगामावशी, आंध आदिवासी समाजातल्या, त्यांच्या गावच्या जैवविविधता समितीच्या अध्यक्ष.

*

बसुअप्पांनी उभा जन्म सफेद मुसळी विकली, पण वाळलेली पांढरी मुळं, पोत्यातली. पहिल्यांदा डोंगरावर आले तेव्हा घाम पुसत म्हणाले, "अय्यो, मुसळी हाय कुठं?"

मावशी म्हणाल्या, "अप्पा, पाय उचला."

अप्पा मुसळीवरच उभे होते! उडी मारून बाजूला झाले आणि वर आम्हालाच ऐकवलं, "दुकानात ही बाई पांढऱ्या कपड्यात असते. हिरव्या लुगड्यात मी कशी वळखू?"

*

त्याच दिवशी मला कॉलेजसाठी एक रोप हवं होतं. मी खुरपं काढलं तर मावशींनी हात धरला. "आवतन दिलं का?"

मावशींच्या घरची रीत अशी, की औषधाचं झाड एकदम उपटायचं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच्यापुढं हळदीचे तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, 'उद्या न्यायला येतो, राग धरू नको.' सकाळी तांदूळ नाहीसे झाले असतील तर झाडानं आवतन घेतलं. मुंगीनं नेले की चिमणीनं, ते विचारायचं नाही!

आम्ही मुक्काम वाढवला. संध्याकाळी तांदूळ ठेवायला अप्पा हौसेनं पुढं झाले. व्यापारी माणूस! हात जोडून मुसळीला म्हणाले, "सहकुटुंब, सहपरिवार यावं!"

मावशी ओरडल्या, "सहकुटुंब न्हाई! लेकरं मागं ठिवायची!"

म्हणजे मोठी मुळं घ्यायची आणि बारकी परत मातीत पुरायची. पुढच्या साली डोंगर पुन्हा हिरवा होतो तो त्या लेकरांमुळं. हा धडा मी आता वर्गात असाच्या असा शिकवते. पोरं हसतात, पण विसरत नाहीत.

*

एकदा लातूरच्या एसी हॉलमध्ये कार्यशाळा होती. विषय, 'लाभांची न्याय्य वाटणी'. भाषणं झाली, मावशींचा सत्कार झाला, हातात भला मोठा बुके दिला. मावशींनी तो उलटापालटा करून पाहिला आणि पाहुण्यांना विचारलं, "फुलं लई छान हायेत. कोणाच्या रानातली?"

पाहुण्यांनी संयोजकांकडं पाहिलं, संयोजकांनी डेकोरेशनवाल्याकडं. डेकोरेशनवाला म्हणाला, "मॅडम, जेवण लागलंय!"

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. शेजारच्या गावानं एका ठेकेदाराला होकार दिला. त्यानं बाहेरची माणसं आणली आणि मुसळी लेकराबाळांसकट खणून नेली. आम्ही गेलो तेव्हा डोंगरावर नुसते खड्डे होते. मला रडू आलं. अप्पा खड्ड्याखड्ड्यांत एखादं बारकं मूळ शोधत फिरले. मावशी एवढंच म्हणाल्या, "आमच्या डोंगराचं असं होऊ देणार न्हाई."

*

आणि मग एका औषध कंपनीचे साहेब आले. मुसळी थेट गावाकडून घ्यायची होती. भरदुपारी गाडी आली, पेढे आले, करारही आला. साहेब म्हणाले, "मावशी, आजच सही द्या, मला घाई आहे."

मावशी म्हणाल्या, "खणणार कोण? गावाचीच माणसं का? गावाचा वाटा कुठं लिवलाय? लेकरांचं काय? अन् तुम्ही आवतन न देता कसे आले? आज सही न्हाई."

साहेब पेढे ठेवून निघून गेले. अप्पांनी कपाळाला हात लावला. "मावशी, हे काय केलं तुम्ही? साहेब आता त्या ठेकेदाराकडं जातील की!" मलाही तीच धास्ती होती.

पण दिवाळीनंतर साहेबांचा अप्पांनाच फोन आला, 'ते आवतन कसं देतात हो?' अप्पांनी सगळं रीतसर समजावलं.

मग एका संध्याकाळी साहेब आले, या वेळी गाडी वेशीबाहेर ठेवून. मावशींच्या अंगणात हळदीचे तांदूळ ठेवले, हात जोडले आणि म्हणाले, "उद्या बोलायला येतो. राग धरू नका." मावशी घरात गेल्या.

सकाळी आम्ही सगळे अंगणात हजर. तांदूळ जसेच्या तसे! एक दाणा हलला नव्हता. साहेबांचं तोंड उतरलं. अप्पा पुटपुटले, "संपलं."

मावशी बाहेर आल्या. तांदळाकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "बाई, साहेबांनी आणलेला नवा कागद वाचा. मोठ्यानं."

मी वाचला. खणणार गावाचीच माणसं. विक्रीतला वाटा ग्रामसभेला. बारकी मुळं परत मातीत, नाहीतर करार रद्द.

मावशींनी साहेबांना विचारलं, "लेकरं मागं ठिवणार?"

"ठेवणार, मावशी."

मावशी अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या आणि कोंबड्यांवर झाकलेलं डालगं उचललं. कोंबड्या थेट तांदळांकडं धावल्या.