ज्वारीच्या पोत्यात उमटलेली पाठ

सोलापुरात त्या काळी मोटारी मोजक्याच होत्या, आणि त्यांतली एकही आमच्या दुकानाशी कधी थांबली नव्हती. आमचं काम खोगिरांचं आणि टांग्याच्या गाद्यांचं. माझा नवरा चामडं कापायचा, दाभणानं शिवायचा. आत काय भरायचं, किती ठासायचं, ते मी बघायची. सासूबाईंच्या आधीपासून भरणीचं काम घरातल्या बायकांकडेच होतं.

तेव्हा मला दोन मुलं होती आणि वय पंचविशीच्या आतबाहेर. एका सकाळी दारात एक गाडी येऊन उभी राहिली. लांब नाकाची, दोनच माणसांपुरती, वर टप नसलेली. गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. गल्लीतले लोक तिला शर्यतीची गाडी म्हणत. चाकामागे पांढऱ्या पातळातली एक बाई होती, आणि शेजारी मांडीवर पत्र्याची पेटी धरून बसलेली एक म्हातारी दाई.

दोघींना सगळं शहर ओळखत होतं. डॉक्टरीणबाई मूळच्या पुण्याकडच्या, एकट्या राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या. शहराबाहेर कुणी बाई अडली की दाईला घेऊन त्या निघायच्या. अक्कलकोट, दुधनी, टेंभुर्णी, जिथून सांगावा येईल तिथं. बैलगाडीनं पोचेपर्यंत आई तरी जायची नाहीतर मूल तरी, म्हणून त्यांनी ही पळणारी गाडी घेतली होती.

त्या उतरल्या ते बघूनच मला कळलं. आधी दोन्ही हात दारावर. मग एक पाय. मग डोळे मिटून थांबणं. मग दुसरा पाय.

"पाठ गेली आहे माझी," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "वीस वर्षं जमिनीवरच्या बाळंतिणींवर वाकून. त्यात ही गाडी अशी की जमिनीला टेकून बसायचं, पाय समोर लांब सोडायचे आणि पाठीला नुसती फळी. टेंभुर्णीहून आले की घरात रांगत जाते. तुम्ही खोगिरं करता. घोड्यावरच्या माणसाचं दुखणं तुम्हाला कळतं, तर माझंही कळेल."

नवऱ्यानं बैठक उचकटून पाहिली. चामड्याखाली चार बोटं घोड्याचे केस, तेही दबून दगड झालेले. "माप घ्यावं लागंल," तो म्हणाला. बाईमाणसाच्या पाठीचं माप तो कसं घेणार? त्यानं माझ्याकडं बघितलं.

खोगिराचं माप घ्यायची आमची एक रीत होती. पोत्यात ज्वारी सैलसर भरायची आणि ते पोतं घोड्याच्या पाठीवर दाबायचं. दाण्यात पाठीचा उंचसखलपणा जसाच्या तसा उतरतो. मी तेच पोतं आतल्या खोलीत भिंतीशी उभं केलं, दार लावलं आणि बाईंना त्याला टेकून बसायला सांगितलं. गाडीत बसतात तसं, पाय लांब सोडून.

"पदर जरा बाजूला घ्या, बाई. मला हातानं बघावं लागंल."

त्या थोड्या थबकल्या. "माझ्या पाठीला आजवर कुणी हात लावलेला नाही," म्हणाल्या. "मीच सगळ्यांना लावत आले."

मानेपासून मी बोटं खाली नेत गेले. डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली. कणा वर सरळ आणि कमरेच्या जरा वर डावीकडं वळलेला, ओढा वळतो तसा. त्या वळणावर बोट टेकलं तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला.

"हितं?"

"हं. तिथंच."

मग त्या हसल्या. "पण या दुखण्याचा एक उपयोग आहे बरं का. दोन दोन दिवस डोळ्याला डोळा नसतो. परत येताना उन्हानं पापण्या जड होतात. तेवढ्यात ही पाठ असा चिमटा काढते की झोप कुठल्या कुठे पळते."

मीही हसले. त्यांनी ते हसण्यावारी सांगितलं आणि मी हसण्यावारी ऐकलं.

त्या उठल्या तेव्हा पोत्यात त्यांची पाठ उमटली होती. सुतळीनं मी तिची मापं घेतली. पुढचे आठ दिवस आम्ही दोघं त्याच कामात होतो. तळाला काथ्या, त्यावर घोड्याचे नवे केस, त्यावर पिंजलेला कापूस. मांडीला आधार मिळावा म्हणून पुढची कड दोन बोटं उचलली. पाठीची फळी थोडी मागं कलती केली. आणि जिथं कणा वळत होता तिथं एक वेगळी छोटी उशी शिवली. डावीकडं जाड, उजवीकडं पातळ, आतून टाके घालून पक्की केलेली. ती उशी मी एकटीनं केली. तीनदा उसवली, तीनदा भरली.

पहिल्याच दिवशी बाई अक्कलकोटला जाऊन आल्या. दिवेलागणीला गाडी दारात थांबली आणि त्या टुणकन उतरल्या.

"अगं, आज मला पाठ आहे हेच विसरायला झालं!"

"बाईसाहेब गात व्हत्या की गाडीत," दाई म्हणाली. "इतकी वर्सं संगं फिरले, गाताना कधी ऐकलं न्हाय."

मी दोघींना बसवून गरम भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. त्या दिवसाइतका अभिमान मला माझ्या कामाचा पुन्हा कधी वाटला नाही.

चार महिने गेले. चैत्र संपून ऊन भाजायला लागलं होतं. एका दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर नवरा बाहेरून आला आणि माठातलं पाणी न पिताच खाली बसला. टेंभुर्णीच्या रस्त्यावर डॉक्टरीणबाईंची गाडी लिंबाच्या झाडावर आदळली होती. बाई जागच्या जागी गेल्या. दाई बाहेर फेकली गेली म्हणून वाचली. दोन दिवस अडलेली बाळंतीण मोकळी करून दोघी परत येत होत्या.

बघून आलेल्या माणसांनी सांगितलं की रस्ता तिथं उजवीकडं वळतो. चाकांच्या खुणा वळल्याच नव्हत्या. सुतळी ताणावी तशा सरळ धुळीतून झाडापर्यंत गेल्या होत्या.

ते ऐकलं आणि माझी बोटं गार पडली. घरात भट्टीसारखं उकडत होतं आणि माझी बोटं गार. पाचव्या दिवशी नवऱ्याला बाईंच्या पाठीच्या, झोप पळवणाऱ्या चिमट्याचं सांगितलं. त्यानं हातातलं दाभण खाली ठेवलं.

"हे कुणाला बोलू नगं," एवढंच म्हणाला.

त्यानंतर मी दुपारची कधी आडवी झाले नाही. आडवं झालं की पाठीखालच्या जमिनीला एक वळण लागायचं. भाकरीचं पीठ मळताना तळव्याखाली अचानक तो खांदा यायचा, बोटभर खाली असलेला. लांबून मोटारीच्या भोंग्याचा आवाज आला की मी दाराकडं बघायची. गाडी आली, बाई उतरतील, असं अजून वाटायचं. आणि त्या उतरताना हसत असणार, याची भीती वाटायची.

पावसाळ्याच्या तोंडावर गाडी खरंच आली. दुधनीच्या एका अडत्यानं ती दुरुस्त करून घेतली होती. धिप्पाड गृहस्थ, घरात कानडी, आमच्याशी मराठी. बैठक शाबूत होती, रंगही उडाला नव्हता.

"पाठ लई दुखायला लागली हो माझी," ते नवऱ्याला म्हणाले. "गाडीत बसलो की डावीकडनं कोण तरी ढकलतंय. आधीच कोण बसलंय आणि मी वरनं बसलोय, असं वाटतंय बघा." मग माझ्याकडं लक्ष गेलं, तसे ते वरमले. "मला ठाऊक आहे गाडी कुणाची. वाईट मनात न्हाय माझ्या."

नवऱ्यानं चामडं उसवलं. आतली भरणी मी काढली. केस, कापूस, काथ्या, सगळं टोपलीत गेलं. उशीचे टाके मात्र मला तोडवेनात. ती अख्खीच काढून मी पदराखाली घरात नेली. अडत्यांच्या पाठीचं माप नवऱ्यानं घेतलं. भरणी मी केली, पण हात आखडतच राहिला. नंतरही तसंच झालं. कुणाचीही गादी भरताना मी कुठं तरी काथ्याची एक कडक पट्टी राहू द्यायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची. नवरा मुकाट्यानं पुन्हा उसवून द्यायचा.

दाईकडं जायला मला आणखी दोन महिने लागले. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती खाटेवर बसून होती. मी समोर बसले आणि जे विचारायचं होतं ते सरळ विचारलं. "बाईंना झोप लागली व्हती का?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"मला काय ठावं? मीच झोपले व्हते की."

बाहेर कुणीतरी हातमाग ठोकत होतं.

"बोलत ऱ्हायचं हे माझं काम व्हतं," दाई म्हणाली. "त्यांनीच सांगितलेलं. परतताना तू बडबड कर, काय बी बोल, पर थांबू नगंस. आणि त्या दिवशी मी म्हणलं, आता तर त्यांची पाठ बी दुखत न्हाय, निवांत बसल्यात. जरा टेकू डोकं."

मग मी तिला माझं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, तुझा काय दोष. मीही तिला तसं म्हणणार होते. पण दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.

वर्षभरात ती काठी टेकत हिंडू लागली आणि गल्लीतली बाळंतपणं पुन्हा करू लागली. एकदा आमच्या दारात टेकली. बसताना कण्हत होती, म्हणून मी आत जाऊन ती उशी आणली. काय आहे ते तिनं ओळखलं.

"मला नगं," ती हात मागं घेत म्हणाली. "झोप लागंल." जरा वेळानं स्वतःच म्हणाली, "दे हिकडं. बाळंतिणीच्या पाठीखाली व्हईल."

तिनं ती नेली. बायका म्हणायच्या, उशी गुणाची आहे, कळा सोसायला बळ येतं. मी ऐकायची आणि विषय बदलायची.

माझ्या तिसऱ्या वेळेला दाईच आली. भर दुपार होती. कळा वाढल्या, मी घामानं भिजले होते, आणि तिनं मला न विचारता पाठीखाली काहीतरी सरकवलं. ते नेमकं जिथं ठणकत होतं तिथं बसलं. डावीकडं जाड, उजवीकडं पातळ. दुखणं एकदम ओसरलं, आणि त्या ओसरण्यालाच मी घाबरले.

"काढा ते!" मी किंचाळले. "काढा म्हणते ना!"

दाईनं उशी ओढून काढली आणि कोपऱ्यात ठेवली. पुढचं सगळं मी उघड्या जमिनीवर, सगळ्या दुखण्यासकट निभावलं. डोळे सताड उघडे होते माझे. मुलगी झाली.

बाळाला पुसून, गुंडाळून तिनं माझ्या कुशीत दिलं आणि भिंतीला टेकून बसली.

"एवढी वर्सं शेजारी बसले," ती म्हणाली, "पर बाईसाहेबांची पाठ मी कधी बघितली न्हाय. कशी व्हती गं?"

तोवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. डावा खांदा बोटभर खाली होता, मी म्हणाले. मानेखाली एक तीळ होता. कातडी फार मऊ होती, लहान मुलाची असते तशी. आणि मी हात लावला तेव्हा पहिल्यांदा त्यांनी अंग चोरलं, मग हळूहळू सैल सोडलं.

दाई ऐकत राहिली. मुलगी झोपली होती. आम्ही दोघी जाग्या होतो.