सासूबाईंच्या नावाचे बाँड

बक्षिसाच्या बाँडमध्ये पैसे टाकावेत का, असं मला आजही कोणी ना कोणी विचारतं. नुकतीच दुबईला आलेली जोडपी असतात, पगारातले चार पैसे उरायला लागलेले असतात, आणि आम्ही इथे इतकी वर्षं काढली म्हणजे आम्हाला कळत असणार असा त्यांचा समज असतो. हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. त्यात त्या मुलांचा काही दोष नाही.

योजना सोपी होती. दहा दिरहमला एक बाँड, दर महिन्याला सोडत. नंबर लागला तर बक्षीस, नाही लागला तरी मुद्दल शाबूत आणि वर थोडा नफा. थोडा म्हणजे चिमूटभर. माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच, की बक्षिसाचे पैसे आभाळातून पडत नाहीत, आपल्या सगळ्यांच्या नफ्यातूनच कापलेले असतात. नवरा म्हणायचा, "अगं, लॉटरी थोडीच आहे ही? कॅपिटल सेफ आहे." आणि त्यात तो चुकत नव्हता, हे कबूल करते. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी कागदावरच्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केले होते. पुढे मंदी आली तेव्हा त्या जागी नुसते खड्डे राहिले.

पण आमच्याकडे साधी गोष्ट साधेपणाने होतच नाही. मंदीच्या आधीच्या थंडीत सासूबाई पुण्याहून व्हिजिटवर आल्या होत्या. मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात हाउजी झाली आणि सासूबाईंना लागोपाठ दोन फुल हाउस लागले. कुकर मिळाला आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बस्स! दुसऱ्या दिवशी नवरा आईला पासपोर्टसकट देरा भागातल्या बाँडच्या काउंटरवर घेऊन गेला आणि सगळे बाँड त्यांच्या नावावर घेतले. "आईचा हात चांगला आहे," म्हणाला. इंजिनीअर माणूस! पूल बांधताना हात चांगला आहे का बघत नाही, कॅल्क्युलेशन करतो. मी म्हटलं, निदान दोघांच्या नावावर घे. तर म्हणे, त्याने लक विभागलं जातं.

सासूबाई पुण्याला परत गेल्या, तरी हा त्यांच्या नावावर भर टाकतच राहिला. वर्षभरात अकरा हजार दिरहम झाले. म्हणजे दीड लाख रुपयांच्या आसपास, असं तो मोठ्याने हिशेब करून सांगायचा. बक्षीस एकदाही लागलं नाही.

आणि मग त्याची कंपनी बसली. "प्रोजेक्ट होल्डवर आहे," एवढंच त्याने मला सांगितलं. जानेवारीत तो घरीच असायचा. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, खाली जाऊन खाडीवर लाकडी जहाजांत माल चढवताना बघत उभा राहायचा आणि जेवायला परत यायचा. काय झालं ते मला कळत होतं. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मार्चपर्यंत होईल काहीतरी, इन्शाल्ला." माझ्या शाळेच्या पगारात किराणा आणि मुलीची फी निघत होती. घरभाडं निघत नव्हतं.

इथे भाड्याचे चेक वर्षाच्या सुरुवातीलाच पुढच्या तारखा घालून द्यावे लागतात. आमचा पुढचा चेक फेब्रुवारीच्या मध्याला होता आणि खात्यात पैसे नव्हते. चेक परत गेला तर प्रकरण थेट पोलिसात. एजंटला तारीख पुढे ढकलायला सांगितलं, तर तो म्हणाला, "खलास, मॅडम, चेक बँक में गया." हाताशी पैसे होते ते फक्त बाँडचे, आणि ते मोडायला सासूबाईंची सही हवी होती.

मी अर्ज कुरिअरने पुण्याला पाठवला. नवऱ्याने फोन केला. आणि आईला काय सांगावं याने? "आई, यापेक्षा चांगली स्कीम आली आहे, पैसे तिकडे टाकतो." पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "मग महिनाअखेरची सोडत होऊ दे की. घाई काय आहे?"

घाई काय आहे! मी स्वयंपाकघरात होते, हातातलं लाटणं आपटलं. दुसऱ्या दिवशी त्याने परत फोन केला, परत स्कीमचंच पुराण लावलं. तिसऱ्या दिवशीही तेच. सासूबाई सोडतीवर अडून बसलेल्या आणि हा खरं बोलायला तयार नाही. "आईला टेन्शन येईल, बीपी आहे तिला." मी म्हटलं, "आणि तुला पोलीस घेऊन गेले की काय येईल तिला?"

मुलगी नववीत होती. सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हर."

शेवटी मीच फोन लावला. "आई, तुम्हाला एक सांगायचंय," इतकंच म्हणाले, तोवर त्यांनीच मला थांबवलं.

"त्याची नोकरी गेली आहे, हेच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"अगं, इतकी वर्षं शुक्रवारचा फोन. सुट्टीच्या दिवशी, पाच मिनिटं. आणि आता मंगळवारी सकाळी अकरा वाजता फोन करून विचारतो, आई, आज भाजी कोणती केलीस? जन्मात कधी विचारलं होतं त्याने? मला काय कळत नाही?"

"मग आई, सही..."

"सही कधीच करून ठेवली आहे. अर्ज पाकिटात घातलाय. सोडत गेली खड्ड्यात. पण मागायची त्याने. ती स्कीम-बिम न सांगता. फोन दे त्याला."

मला इतका राग आला की विचारू नका. सगळं माहीत असून तीन दिवस मायलेकांनी माझा जीव टांगणीला लावला होता. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि फोन नवऱ्यापुढे धरला. "आईंना माहीत आहे," म्हटलं. "तुझ्या तोंडून ऐकायचंय."

 त्याने फोन घेतला. आधी "हं, आई" म्हणाला, मग "जेवलो" म्हणाला. मुलीने टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, आता पुन्हा स्कीमवर येणार, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला,

"आई, माझी नोकरी गेली."

पाकीट चार दिवसांत आलं, पैसे पुरते मिळाले, चेक वटला. पण त्या क्षणी मला चेक आठवतही नव्हता. दीड महिना आम्ही एका घरात राहत होतो, आणि हे वाक्य त्याने मलासुद्धा तोवर म्हटलं नव्हतं.