मामाचं टागवेर्क

तलमडुगू मंडळात जर्मन भाषेचा एकच जाणकार होऊन गेला, आणि तो माझा मामा. मंडळ म्हणजे तिकडचा तालुका; तेव्हा आम्ही आंध्रात होतो. मराठी, तेलुगू, उर्दू कमी पडल्या म्हणून की काय, गणिताच्या या मास्तराने आदिलाबादच्या रद्दीवाल्याकडून एक फाटका जर्मन-इंग्रजी कोश उचलून आणला आणि त्यातले फक्त मापांचे शब्द पाठ केले. जर्मनीत त्याला पाणी मागता आलं नसतं, पण सरपण चोख मोजून घेता आलं असतं. तिकडे म्हणे लाकडांच्या फटींतली हवा धरून एक माप आणि हवा सोडून दुसरं. हे कळल्यापासून मामा मोळीवालीला विचारायचा, "बाई, यात हवा किती?" ती म्हणायची, "हवा फुकट हाय मास्तर. लाकडं घेता का नाई?"

लाडका शब्द मात्र टागवेर्क. टाग म्हणजे दिवस, वेर्क म्हणजे काम. एका माणसाने बैलजोडी घेऊन दिवसभरात नांगरावी तेवढी जमीन. "एकरात मानूस दिसत नाई लेका, यात दिसते," तो मला म्हणाला. मी नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या घरातला पहिला. तरी मला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझा आजा, म्हणजे मामाचा बाप, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात सालदार. निंबापासून नाल्यापर्यंतचा पट्टा आपण एका दिवसात नांगरायचो, असं तो सांगायचा आणि गाव हसायचं.

गावाला खोटं पाडायला मामाने मालकाकडून तोच पट्टा आणि बैल एका रविवारपुरते मागून घेतले. पँट दुमडून, खिशात टेप टाकून, दिवस उगवताच तो स्वतः नांगरामागे उभा राहिला. "मास्तर, बैलाले जर्मन समजते का?" धुऱ्यावरून कुणी ओरडलं. दुपारपर्यंत हातांना फोड आले. दिवस कलला तरी निम्मा पट्टा बाकी. "पाह्यलं? हे एका दिवसाचं कामच नाई!" गाव खूश झालं.

तेवढ्यात सकाळपासून धुऱ्यावर बसलेला आजा उठला. काठी माझ्याकडे देऊन त्याने नांगर धरला आणि एक फेरा मारून आला, दोरी लावल्यासारखा सरळ. मामाने घड्याळ पाहिलं, धुऱ्यावर बसून गणित मांडलं आणि मोठ्याने वाचलं. या वयात, या चालीने, अख्खा पट्टा दिवस बुडायच्या आत. कुणी हसलं नाही.

"काऊन लिहून राह्यला एवढं?" आजा म्हणाला. "मी तं सांगतच होतो."

आता दोघंही नाहीत. त्या वावराच्या पहाणीत, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यात, आजाचं नाव कधीच नव्हतं. कोश माझ्याकडे आहे. टागवेर्कच्या समोर, समासात, मामाने पेन्सिलीने लिहिलंय: 'बाबा. निंबापासून नाल्यापर्यंत.'