दह्यावाचूनची हिरवी चटणी

लेकीचं सासर तमिळ, पापनाशमला. तंजावूरहून बसने तासाभराची वाट. तरी लग्नाला दोन वर्षं झाली, जावई आमच्याकडे एकदाही मुक्कामाला राहिले नव्हते. जेवायची वेळ आली की त्यांना कुठलंसं काम आठवायचं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, सबबी मला वासावरून कळतात. जावयाला आमचं घर कमी वाटतं, असा निकाल लावून मी मोकळी झाले होते, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तो दोन-तीन घरी सांगूनही आले होते.

लेकीला सातवा लागला. आमच्याकडे हातांत बांगड्या भरल्या की मुलीने बाळंतपणाला माहेरी यायचं. मी खोली झाडून घेतली, आणि लेकीचा फोन आला.

"अम्मा, मी येत नाहीं. त्यांस दूध सोसत नाहीं. दही, ताक, तूप, काहींच नाहीं. पहिल्या दिवाळीस तूं तीनदां दहीभात वाढलीस. इथें येऊन रात्रभर अंग खाजवत बसले, ओठ सुजले."

"मग सांगितलं कां नाहीं?"

"तूं ऐकली असतीस कां?"

आमच्यात पानावर हात आडवा धरला तर वाढणारी बोटांच्या फटीतून वाढते. मी तर त्यात पटाईत. मला माझीच लाज वाटली.

"रविवारीं एकदां घेऊन ये त्यांस," मी म्हटलं.

"त्यांस भय न वाटतां जेवतां आलं, तर येईन मी. नाहीं तर बाळंतपण इथेंच."

भात, आमटी, भाजीची अडचण नव्हती. अडचण होती हिरव्या पचडीची, म्हणजे चटणीची. आमच्या घरी ती कोथिंबीर-पुदिना घट्ट दह्यात वाटून करतात. पंगतीच्या मधोमध तिचं भांडं असतं आणि माझी लेक तिच्याशिवाय घास घेत नाही. जावयाला वगळून सगळ्यांनी ती खायची, हे मला नको होतं. एकाच भांड्यातलं सगळ्यांना वाढायचं, असं मी ठरवलं.

पहिल्या दिवशी नारळाचं दूध घातलं. खिरीसारखं पायसम झालं. "थोडं दही घाल, बरं होईल," नवऱ्याने झोपाळ्यावर बसून सुचवलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! दुसऱ्या दिवशी भिजवलेलं डाळं घातलं, तर भिंतीला लिंपता येईल असा गोळा. तिसऱ्या दिवशी काजू भिजवून मिक्सीत गार पाण्याने अगदी गंधासारखे वाटले. त्यात कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, पुदिन्याची नुसती पानं, कारण त्याचे देठ कडू, मग मिरची, आलं आणि शेवटी लिंबू. भाताच्या रोपांसारखा हिरवागार रंग आला. बोट चाटून मी एकटीच हसले.

रविवारी पानं मांडली. जावई येऊन पानावर बसले. फोडणी तेवढी राहिली होती. मी पळी तापवली, मोहरी तडतडली, कढीपत्ता टाकला आणि पळी चटणीवर उपडी केली. तेव्हा कुठे वास नाकात गेला. तूप! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. फोडणी म्हटली की माझा हात आपोआप तुपाच्याच भांड्याकडे जातो.

खरं सांगते, एक क्षण मनात आलं, चमचाभर तुपाने काय होणार? कुणी पाहिलं नव्हतं. पानं वाढलेली, तीन दिवसांची मेहनत समोर. पण मग रात्रभर अंग खाजवत बसलेला तो भिडस्त माणूस डोळ्यांपुढे आला, आणि मी भांडं उचलून बाहेर गेले.

"माप्पिळै," मी जावयांना तमिळमध्ये म्हटलं, "यात माझ्या हातून तूप पडलं. हे खाऊ नका. दुसरं करते, पण वेळ लागेल."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. लेकीचा चेहरा उतरला. संपलं, मला वाटलं, आता ही काही येत नाही.

जावई उठले. रागावून निघाले असं वाटलं, तर स्वयंपाकघरात येऊन खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "द्या, मी पानं निवडतो." काजू भिजवायला वेळ नव्हता, म्हणून उकळतं पाणी ओतलं. मिक्सी गरम पाण्याने दोनदा धुतली, पळी नवी काढली. तिळाच्या तेलाची बाटली मी त्यांच्याच हातात दिली. फोडणी त्यांनी घातली, थोडी करपवली.

जेवायला दोन वाजले. त्यांनी चटणी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा वाढायला माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीवरून हलू दिले नाहीत.

हात धुताना ते मला म्हणाले, "अत्तै, कुठेही गेलो तरी मी प्रत्येक पदार्थ विचारून खातो. हो-हो म्हणतात, तरी भीती राहतेच. तुम्ही मी न विचारता सांगितलंत. या घरी मी आता विचारणार नाही."

त्यांच्या मागे लेक उभी होती. "मग बांगड्या भरल्या कीं येतें, अम्मा," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. एवढी बोलणारी बाई मी, पण नुसतं "ये" म्हणता आलं.